दुसरा उंचवटा

कंपनीत सगळे त्यांना ताई म्हणत आणि हिला वहिनी. साहेब लोकसुद्धा. त्याचं झालं असं, की रसायन विभागातली पोरं आपल्या मॅडमना ताई म्हणायची, आणि ताईंच्या धाकट्या भावाची बायको वरच्या मजल्यावर कामाला, म्हणजे ती आपोआपच वहिनी. हिला पहिल्यांदा पसंत केलं तेही ताईंनीच. नोकरीच्या मुलाखतीला आलेली मुलगी त्यांना इतकी आवडली, की नेमणुकीचं पत्र निघायच्या आधी त्यांनी घरी जाऊन भावाला सांगून टाकलं. मुलाखत एक आणि जागा भरल्या दोन, असं ताई चारचौघांत सांगत आणि वहिनी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसे.

ताई औषधं बनवत. खरं तर औषध होऊ पाहणारी रसायनं. त्यातली बहुतेक औषध होता होताच मरत. ती का मेली हे सांगायचं काम वहिनीचं. औषध शरीराचं काय करतं हे विचारणारे पुष्कळ असतात. शरीर औषधाचं काय करतं हे विचारणारी ती एक. गोळी गिळली म्हणजे औषध पोचलं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आतड्याने ते आत घेतलं पाहिजे, यकृताने जिवंत सोडलं पाहिजे, मूत्रपिंडाने घाईने बाहेर काढता कामा नये. एवढ्या नाक्यांवर जकात भरून जे उरतं ते रक्तात किती राहतं आणि किती वेळ राहतं, यावर रोग्याला गुण येणार की नाही ते ठरतं. वहिनी उंदरांना औषध पाजायची, ठरलेल्या वेळी त्यांच्या शेपटीतून थेंब थेंब रक्त घ्यायची, त्यात औषध किती ते यंत्रावर मोजायची आणि आलेख काढायची. रेघ वर चढते, मग उतरते. सगळं नशीब त्या चढउतारात.

या वेळचं औषध होतं फिटवरचं. फिट येणाऱ्या माणसाच्या रक्तात औषधाची पातळी एका मर्यादेच्या वर दिवसभर राहावी लागते. खाली गेली की झटका कधीही येऊ शकतो. जिन्यात, रस्त्यात, कडेवर मूल असताना. ती मर्यादा वहिनी आलेखावर लाल रंगाने आखायची.

ताई आपल्या रसायनांना आकड्यांनी ओळखत नसत, पोटच्या मुलींसारखं थोरली, मधली म्हणत. त्यांची थोरली आतड्यातून आतच गेली नाही. मधली आत गेली, पण यकृताने पहिल्याच फेरीत तिचा फडशा पाडला. दोन्ही वेळा आलेख घेऊन खाली जायचं वहिनीच्या वाट्याला आलं. दोन्ही वेळा ताई म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश नाही बघ," आणि वर तिलाच चहा पाजला. मग झाली धाकटी.

धाकटीवर सगळंच टांगलेलं होतं. मोठ्या साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की हीही गेली तर विभाग बंद. ताईंच्या हाताखालची पोरं सगळी कंत्राटावर. त्यांना नारळ, आणि ताईंना तपासणी विभागात एक खुर्ची. ज्या बाईने उभा जन्म नवं काही बनवण्यात घालवला तिने इतरांनी बनवलेल्या गोळ्यांचं वजन बरोबर आहे की नाही ते बघत बसायचं.

धाकटीचा आलेख आला तेव्हा वहिनीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. रेघ चढली, बेताचीच; उतरू लागली; आता लाल रेघेखाली जाणार, एवढ्यात पुन्हा वर वळली. दुसरा उंचवटा. पहिल्याहून किंचित बुटका, पण त्याच्या जोरावर पातळी दुसऱ्या सकाळपर्यंत लाल रेघेच्या वरच. एका उंदरात नाही, सगळ्यांत. म्हणजे माणसाला दिवसाला एक गोळी पुरेल.

"आंधळा मागतो एक डोळा," ताई म्हणाल्या आणि पुढचं त्यांना बोलवेना. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी पोरांना समजावून सांगितलं, "यकृत हिला पित्तात सोडतंय, पित्त आतड्यात येतंय, आणि आतडं हिला परत आत घेतंय. पोरगी घरात घुटमळतेय रे, बाहेर जायचं नावच घेत नाही."

असं काही औषधांचं होतंच. सगळ्यांनी माना डोलावल्या, वहिनीनेही डोलावली. एक बारीकसा खडा मात्र तिच्या दाताखाली तेव्हाच आला होता. तेच औषध ज्या उंदरांना थेट शिरेतून दिलं होतं, त्यांच्या आलेखात दुसरा उंचवटा नव्हता. पित्ताचा फेरा खरा असेल तर तो तिथेही थोडाफार दिसायला हवा होता. पण त्या दिवशी ताईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि गोड घासातला खडा काढून कोण दाखवतो? तिने तो गिळला.

पोटात गेला, पण जिरला नाही.

बैठक जवळ आली होती. धाकटीला पुढे न्यायचं की नाही ते त्या बैठकीत ठरायचं होतं. वहिनी दुसऱ्याच एका औषधाच्या कामासाठी उंदरांच्या खोलीत गेली. तिथे जायचं म्हणजे चपला बदला, अंगावर झगा चढवा, केस टोपीत कोंबा. आत एकसारखा पंख्यांचा घुंई आवाज आणि ओल्या भुशाचा वास. औषध पाजायच्या आधी उंदरांना उपाशी ठेवतात आणि पाजल्यावरही काही तास खायला देत नाहीत, म्हणजे अन्न मध्ये येत नाही. पिंजऱ्यात खाण्याचा कण नव्हता. आणि कोपऱ्यातला एक उंदीर पुढच्या दोन पायांत काहीतरी धरून मन लावून खात होता.

वहिनी वाकली. तो स्वतःची लेंडी खात होता.

उंदीर हे करतात. पुस्तकांत लिहिलेलं असतं. नव्या मुलांना वहिनी स्वतः हे शिकवायची, मुलं नाक मुरडायची आणि ती त्यांना दटावायची. म्हणूनच अशा चाचणीच्या वेळी पिंजऱ्याचा तळ जाळीचा असतो. लेंडी खाली पडते, विषय संपतो. पण जाळीवर उभं राहून उंदरांचे तळपाय सोलवटतात. धाकटीच्या चाचणीच्या आधी वहिनीने एकाच्या पायाला जखम झालेली पाहिली, तिला कसंतरीच झालं, आणि तिने जाळीवर लाकडाच्या भुशाचा मऊ थर घालायला सांगितलं. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. ते म्हणाले, "बरं केलंत, मलाही बघवत नव्हतं." दोघंही भली माणसं, आणि दोघांनाही त्या घटकेला आलेख आठवला नाही.

आता आठवला. धाकटी आतड्यातून अर्धीमुर्धीच आत जात होती. उरलेली लेंडीतून जशीच्या तशी बाहेर. उपाशी उंदरांनी भुशावरच्या लेंड्या खाल्ल्या आणि स्वतःच स्वतःला दुसरा डोस दिला. यकृत नाही नि पित्त नाही. पोरगी घरात घुटमळत नव्हतीच. ती सरळ बाहेर गेली होती आणि उंदरांनी तिला परत आणली होती. आणि शिरेतून औषध दिलेले उंदीर? त्यांना नळ्या लावलेल्या, म्हणून त्यांचे पिंजरे वेगळे, जुने, जाळीचे. भुसा त्यांच्या नशिबी आलाच नव्हता.

माणूस उंदरासारखं पुष्कळ करतो, पण हे करणार नव्हता.

वहिनी तिथल्या स्टुलावर बसून राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी सांगितलं होतं दया दाखवायला? आणि दाखवली तर दाखवली, निदान आलेख मांडताना "भुसा घातला होता" एवढे तीन शब्द बोलायला काय झालं होतं? आणि त्याहून वाईट म्हणजे, खडा दाताखाली आला होता तेव्हा गप्प का बसलीस? या शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तिला आवडलं नाही. ताईंनी एकदा तरी आपल्याला यशाच्या हाताची म्हणावं, असं तिला वाटलं होतं.

शंका आली तर खात्री करायची, एवढी शिस्त अंगात होती. तिच्याकडच्या बाटलीच्या तळाशी धाकटीची थोडी पूड होती. तिने भुसा काढायला लावला आणि मोजक्या उंदरांवर चाचणी पुन्हा लावली.

"कशाला हो परत?" डॉक्टरांनी विचारलं.

"यंत्र तपासून बघतेय," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस कारण नसताना जास्त बोलतो. तिने यंत्राचं काय बिघडलंय तेही सांगितलं. डॉक्टर बिचारे हळहळले.

पुढचे दिवस तिने ताईंना टाळण्यात घालवले. जिना सोडून लिफ्ट, चहा आपल्याच टेबलावर. "काय गं, हल्ली दर्शन दुर्लभ?" असं ताई दारातून डोकावून म्हणाल्या तेव्हा हिच्या हातातली नळी खाली पडली. चोराच्या मनात चांदणं. ताई फक्त विचारायला आल्या होत्या, की बैठकीत आलेख मोठा करून दाखवता येईल का, शेवटच्या रांगेतल्यांनाही दुसरा उंचवटा नीट दिसायला हवा.

निकाल बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी आला. औषध तेच, उंदीर त्याच जातीचे. रेघ चढली, बेताचीच, उतरली, लाल रेघ ओलांडून खाली गेली, आणि जात राहिली.

पोरं घरी गेल्यावर वहिनी खाली उतरली. ताई फ्यूम हूडच्या, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, काचेमागे हात घालून काचेची भांडी धूत होत्या. हे काम पोरांवर टाकायचं त्यांना कधी जमलं नाही. वहिनीने कागद पुढे ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भुसा, लेंड्या, शिरेतले उंदीर, आजचा निकाल. मध्ये थांबली असती तर रडली असती, म्हणून थांबली नाही.

ताईंनी हात पुसले. कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. त्यांनी विचारलेले प्रश्न दोनच, आणि दोन्ही बरोबर: डोस तोच होता ना, आणि रक्त घ्यायच्या वेळा त्याच होत्या ना. वहिनी दोन्हीला हो म्हणाली.

"मग मेली," ताई म्हणाल्या.

"दिवसातून तीनदा दिली तर..."

"तीनदा घ्यायच्या गोळ्या बाजारात आहेत की. माणसं दुपारची विसरतात आणि पडतात. म्हणून तर आपण ही बनवत होतो." त्या स्टुलावर बसल्या. मग त्या वेगळ्याच, हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, उद्या हे बोललंच पाहिजे का?"

वहिनीला नीट ऐकू आलं होतं, तरी ती म्हणाली, "काय?"

"उद्या मंजुरी मिळाली की पोरांची कंत्राटं वाढतात. पुढची चाचणी कुत्र्यांवर. तिथे आपोआप कळेलच सगळं, ते काही लेंड्या खात बसणार नाहीत. माणसापर्यंत जायला अजून किती वेळ आहे. कुणाचं काही बिघडत नाही. तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. नुसती गप्प बस."

"कुत्र्यांचं बिघडेल," वहिनी म्हणाली.

"तुझी दया आधीच पुरेशी महागात पडलीय मला," ताई म्हणाल्या, आणि लगेच तिच्या दंडावर हात ठेवला. "जा घरी. तो वाट बघत असेल."

तो, म्हणजे वहिनीचा नवरा, ताईंनी आईच्या मागे लहानाचा मोठा केलेला भाऊ, वाट बघतच होता. जेवताना ही नुसतीच भात चिवडत बसली तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं आणि तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

"इकडे बहीण, तिकडे बायको. मला काही विचारू नकोस," तो म्हणाला.

"विचारत नाहीये."

"पण एक सांगतो. ताईने आजवर कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही."

"मलाही तेच खातंय."

तो उठला, खरकटी भांडी उचलली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घासत बसला. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने तरी काय बोलावं. वहिनी मात्र तेवढ्यात ठरवून मोकळी झाली होती. बोलायचं. पण ताईंना आधी सांगितलं होतं हे कुणाला कळू द्यायचं नाही. नवा निकाल उद्या सकाळीच हाती आला म्हणायचं. सगळा दोष आपल्यावर येईल, आणि विभाग गेला तरी ताईंचं नाव राहील. एवढं तरी आपण त्यांच्यासाठी करू शकतो, असं तिला वाटलं आणि त्या विचाराने तिला थोडं बरंही वाटलं.

बैठकीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. आलेख पडद्यावर भिंतीएवढा मोठा, शेवटच्या रांगेलाही दिसेल असा. ताई बोलल्या, नेहमीसारख्या बेतशीर, पण दुसऱ्या उंचवट्यापाशी आल्यावर "यामागे पित्ताचा फेरा असावा असा आमचा अंदाज होता," एवढंच म्हणून पुढे गेल्या. होता. वहिनीखेरीज ते कुणाच्या कानाला टोचलं नाही. मोठ्या साहेबांनी अभिनंदन करायला तोंड उघडलं, मग रिवाज म्हणून वळून विचारलं, "वहिनी, आलेख तुमचे. तुम्हाला काही म्हणायचंय?"

ती उभी राहिली. भुशापासून सुरुवात केली आणि आपल्या चुका एकेक करून मांडल्या, काही वगळलं नाही. शेवटी नवा आलेख पुढे केला. "हा निकाल माझ्या हाती आज सकाळी आला," ती म्हणाली. "त्यामुळे कुणाला आधी सांगता आलं नाही. ताईंनाही नाही. चूक सर्वस्वी माझी आहे."

साहेबांचा चेहरा कडू झाला, पण तो कडवटपणा हिच्यासाठी होता. ताईंकडे त्यांनी पाहिलं ते कीव करून. कुणीतरी पेन खाली ठेवलं. झालं, निभावलं, असं वहिनीला वाटलं.

"आज सकाळी नाही," ताई म्हणाल्या.

त्या अजून पडद्याशेजारीच उभ्या होत्या. दुसरा उंचवटा त्यांच्या खांद्यावरून गेला होता.

"काल संध्याकाळी. तिने खाली येऊन मला सगळं सांगितलं, कागद दाखवला. गप्प बस म्हणून मीच तिला म्हटलं."

"कालच माहीत होतं," साहेब सावकाश म्हणाले, "आणि आज तुम्ही हा आलेख लावलात?"

"हो, लावला."

साहेबांनी त्यांना अजून काही म्हणायचंय का ते विचारलं. त्या नाही म्हणाल्या आणि खाली बसल्या. बैठक तिथेच संपली. तपासणी विभागातल्या खुर्चीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ज्या हाताने खोटा आलेख लावला त्या हातात कोण तराजू देणार? दुपारी ताईंना बोलावणं आलं, आणि त्या परत आल्या तेव्हा पोरांना एकेक करून जवळ बोलावून त्यांच्याशी बोलल्या. वहिनी वरच्या मजल्यावर यंत्रासमोर बसून होती. पुढ्यात काम होतं, ते तिने केलं नाही.

सुटल्यावर दोघी नेहमीसारख्या बसच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. सवयीचे पाय, कुणी न सांगता तिथेच जातात. ताईंच्या हातात एक पिशवी होती, त्यात त्यांचा झगा आणि चहाचा कप.

"'आज सकाळी' असं का म्हणालीस?" ताईंनी विचारलं.

"तुमचं नाव यायला नको म्हणून."

"आणि मी ते खपवून घेईन असं धरलं होतंस?"

नाही म्हणता आलं असतं. ताईंनाही बहुधा तेच ऐकायचं होतं. पण सकाळच्या त्या एका खोट्यानंतर वहिनीची जीभ आता पुन्हा त्या वाटेला वळेना.

"हो," ती म्हणाली.

ताईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "धरणारच," त्या म्हणाल्या. "कालचं माझं बोलणंच तसं होतं."

वहिनीला तेव्हा कळलं, की भुसा, उंदीर, गेलेली नोकरी, पोरांचे उतरलेले चेहरे हे सगळं एक दिवस बोथट होईल, पण हा 'हो' कधी बोथट होणार नाही. ताई एका संध्याकाळी घाबरल्या होत्या. जन्मभराच्या माणसाला तिने त्या एका संध्याकाळवरून मोजलं होतं, आणि वर ते त्यांच्यावरचे उपकार समजून रात्री शांत झोपली होती. ज्या बाईने पहिल्या भेटीत, काही पुरावा नसताना, वहिनीला घरात घेतलं होतं, तिलाच असं मोजलं होतं.

बस आली. ताई आधी चढल्या, खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून बाहेर बघू लागल्या. वहिनी दांडा धरून उभी राहिली. बसायला इतरत्र जागा होत्या. दोन थांबे गेले, माणसं उतरली, चढली. मग ताईंनी बाहेरची नजर न काढता पिशवी उचलून मांडीवर घेतली.

वहिनी बसली. ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला घर येईपर्यंत वाटत राहिलं.